साती आब्लाचा डोंगरी चहा

तुर्कीत साती या नावाचा अर्थ ‘विकलेली’. तिच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून ती जन्मली त्याच दिवशी आईने तिला शेजारणीला मूठभर मिठाला विकलं आणि आठवड्याने परत मागून आणलं. मरणाला वाटावं की हे पोर या घरचं नव्हेच. युक्ती लागू पडली. साती चांगली बाहत्तर वर्षं जगली, आणि त्यातली चौदा वर्षं मी तिच्या शेजारी काढली.

मी चामदेरेला गेले ती १९७९च्या ऑक्टोबरात. वय एकवीस, बांदिर्मा बंदरात वाढलेली, हातात सरकारी सुईणीचं नेमणूकपत्र. गाव काझ डोंगराच्या कुशीत, सगळे पुरुष लाकूडतोडे. मला दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र दिलं होतं, एकीत रुग्ण आणि एकीत मी. तिसऱ्याच दिवशी मला सर्दी झाली. नाक गळतंय, घसा धरलेला, आणि दारात पहिलीच बाई आली ती माझ्याकडे पाहून हसायला लागली.

“सरकारने औषध देणारी पाठवली म्हणे,” ती मागे वळून कुणाला तरी म्हणाली, “आणि हिचंच नाक वाहतंय.”

ती साती. पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात काळवंडलेली किटली. नवरा झाड अंगावर पडून गेलेला, एक मुलगी लग्न होऊन इझमीरला. अख्खं गाव तिला आब्ला म्हणे, म्हणजे थोरली बहीण.

“पी,” तिने किटली शेगडीवर ठेवली. “डोंगरी चहा आहे. माझ्या हाताने तोडलेला.”

“माझ्याकडे गोळ्या आहेत,” मी म्हणाले. चार वर्षं शिकले होते मी, गवत उकळून प्यायला आले नव्हते.

“मग गोळ्या चहाबरोबर घे. पाण्याबरोबर घेतल्यास काय, आणि याच्याबरोबर घेतल्यास काय.”

ती गेल्यावर मी किटलीचं झाकण उघडून पाहिलं. देठासकट उकळलेल्या चंदेरी काड्या, फिकट पिवळी फुलं, वाफेला लिंबाची साल आणि उन्हात तापलेला दगड असा दोन्हींचा वास. मी प्यायले नाही. ते पाणी मी मागच्या दाराने ओतून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी किटली परत केली. तिने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “मागच्या दारी ओतलंस ना? तिथल्या गवताला आता खोकला होणार नाही.”

पहिले काही महिने आमचं असंच चाललं. तिच्या घराच्या माळ्यावर सुतळीने बांधलेल्या जुड्या उलट्या टांगलेल्या असायच्या. डोंगरी चहा, राखाडी मखमली पानांचा अदाचाय, लिंडनच्या झाडाची फुलं, रानगुलाबाची वाळलेली लाल फळं. लोक माझ्याकडे येण्याआधी तिच्याकडे जायचे, आणि मला त्याचा राग यायचा. घसा बसला की अदाचायच्या गुळण्या. थंडी वाजून अंग मोडून आलं की लिंडन, पण उकळायचा नाही, नुसतं कढत पाणी ओतून झाकून ठेवायचं, नाहीतर फुलांचा जीव जातो. रानगुलाबाची फळं मात्र मंद आचेवर निवांत शिजवायची. पोट फुगलं की बडीशेप. आणि डोंगरी चहा सगळ्याला, सर्दी-पडशाला, कफाला, आणि काही नसलं तर संध्याकाळला.

एका गोष्टीवरून मी तिच्याशी कडाक्याने भांडले. ती तान्ह्या बाळांना बडीशेपेचं पाणी चमच्याने पाजायला सांगत असे. मी तिच्या अंगणात उभं राहून सांगितलं, सहा महिन्यांच्या आत बाळाच्या तोंडात दुधाशिवाय काही जाणार नाही, पाण्यातून जंतू जातात, या गावात उन्हाळ्यात हगवणीने किती पोरं गेली ते गावचे मुख्तार, म्हणजे सरपंच, रासिम यांच्या दप्तरात आहे. मला वाटलं, आता किटली अंगावर येते.

तिने किटली खाली ठेवली. मग म्हणाली, “चार गेली, गेल्या दोन वर्षांत.” आणि थोड्या वेळाने, “आईने प्यायलं तर चालेल?”

“आईने खुशाल प्यावं.”

“मग आईला सांगते.”

आणि तिने खरंच तसं सांगायला सुरुवात केली. गावातल्या म्हाताऱ्या माझं ऐकत नव्हत्या, पण तिचं ऐकलं. मला बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. तिच्या जागी मी असते तर ऐकलं असतं का, कोण जाणे.

त्याच हिवाळ्यात एमसालचं बाळंतपण झालं. एमसाल गावातली सगळ्यात लहान सून, अठराची. मुलगा झाला, सगळं सुरळीत झालं. पण दहाव्या दिवशी मी वजन केलं तर बाळ जन्मापेक्षा हलकं. एमसाल रडत होती, दूध आटत चाललं होतं. ताप नव्हता, स्तनांना गाठ नव्हती, बाळ ओढत नीट होतं. मी पुस्तकात होतं तेवढं सगळं करून पाहिलं. डबाबंद दुधाची पूड आणायला खाली एद्रेमितला जावं लागणार, आणि बर्फाने रस्ता चार दिवस बंद होता. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा आपल्या पायांनी साती आब्लाच्या दारी गेले.

ती हसली नाही की टोमणा मारला नाही. तिने पायात रबरी बूट चढवले आणि माझ्याबरोबर आली. खोलीत शिरल्यावर तिने बाळाकडे पाहिलं नाही, एमसालकडेही पाहिलं नाही. सरळ शेगडीकडे गेली, तिथल्या चहादाणीचं झाकण उघडलं आणि हुंगलं.

“हे कोण पितं?”

“सून पिते,” एमसालची सासू जेन्नेत म्हणाली. “घसा दुखत होता बिचारीचा. चांगला दाट करून देते, दिवसातून पाच-सहा पेले.”

“जेन्नेत, तुझं शेवटचं पोर तू अंगावरून तोडलंस तेव्हा मी तुला काय दिलं होतं?”

जेन्नेतने आठवून पाहिलं, आणि पदराने तोंड झाकतात तसं रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं. “अदाचाय,” ती पुटपुटली.

“दूध आटवायला दिला होता. आणि पोटुशीला तर त्याचा वाससुद्धा नको, हे मी तुला शंभरदा सांगितलंय. चांगली वस्तू चुकीच्या घरात शिरली की चोरासारखी वागते बघ.”

चहादाणी बाहेर बर्फावर रिती झाली. मी एमसालला सांगितलं, बाळाला तासा-दोन तासांनी अंगावर घे, रिकामं वाटलं तरी घे. साती आब्लाने तिच्यासाठी बडीशेप उकळली, वर गरम सूप, लोण्यातला बुलगुर, म्हणजे गव्हाचा दलिया. दूध बडीशेपेने आलं की पाजत राहण्याने, की अदाचाय थांबल्याने, ते मला आजही सांगता येणार नाही. पण पाचव्या दिवशी बाळ ढेकर देऊन झोपलं आणि वजनाचा काटा पुढे सरकला. परत येताना साती आब्ला माझ्या खोलीत थांबली. मी विचारलं, “चहा घेणार?” आणि माझ्याकडे तर साधी पुडीची काळी चहापत्तीच होती. तिने झग्याच्या खिशातून दोन काड्या काढून दिल्या. “शिक आता उकळायला,” ती म्हणाली.

त्यानंतर जुलै आला की मी तिच्याबरोबर डोंगरावर जायची. झाडांची हद्द संपते तिथे वर, उघड्या खडकाळ उतारावर तो चहा उगवायचा. पहाटे चालायला लागायचं, आठपर्यंत पोचायचं. ती लहानशा विळ्याने दोन बोटं देठ ठेवून कापत असे, आणि तीन झाडांतलं एक सोडून देत असे. खाली ऑलिव्हची बनं, त्यापलीकडे आखाताचं निळं पाणी. भाकरी, चीज, टोमॅटो. ती फारसं बोलत नसे तिथे. एकदा मी विचारलं, नवऱ्याची आठवण येते का. “इथे येत नाही,” ती म्हणाली, “म्हणून तर येते मी इथे.” माझ्या आयुष्यातले ते उन्हाळे सगळ्यात सुखाचे होते, हे तेव्हा कळलं नाही.

१९८३च्या शरद ऋतूत ती खोकायला लागली. ती डोंगरी चहा प्यायची आणि खोकायची. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे बसलेली असायची, तो खोकला माझ्या कानाशी होता, आणि तरी मी दोन महिने काही केलं नाही. दुसऱ्यांना ती स्वतः सांगायची, तीन दिवसांत ताप उतरला नाही तर माझ्याकडे येऊ नका, सुईणबाईकडे जा. पण ती आजारी पडू शकते हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. तिच्याही नसावं. डिसेंबरात एक दिवस तिचा रुमाल धुवायला घेतला आणि त्यावर रक्ताचा ठिपका दिसला.

“हा किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“चहा थोडा पातळ होत होता. आता दाट करते.”

“आब्ला, उद्या आपण खाली जातोय. फोटो काढायला.”

“माझा फोटो काढून कोण बघणार?”

“छातीचा. आणि तू नाही म्हणालीस तर मी मुख्तारना सांगून तुला लाकडाच्या ट्रकमध्ये ओंडक्यांबरोबर बांधून नेईन.”

क्षयच निघाला. तिला शहरातल्या छातीच्या इस्पितळात ठेवलं. चार महिने म्हणाले होते, नऊ लागले. मी गावातल्या प्रत्येकाची तपासणी करवली, दोन पोरांना गोळ्या सुरू कराव्या लागल्या, ती बरी झाली. आणि दर पंधरा दिवसांनी मी तिला पत्र लिहायची. तिला वाचता येत नव्हतं, वॉर्डातली कुणी तरी वाचून दाखवायची.

त्या जुलैत खालून कुठल्याशा व्यापाऱ्याचे दोन ट्रक आले. डोंगरी चहाला शहरात मागणी वाढली होती, तो मिळेल तेवढा घेणार होता, वजनावर. लाकडाचं काम त्या वर्षी मंद होतं. सगळं गाव डोंगरावर गेलं, बायका, पुरुष, पोरं. कापायला वेळ लागतो आणि मूळ जड भरतं, म्हणून उपटलं. सहा दिवस मी माझ्या खिडकीतून पोती खाली येताना पाहत होते. मी मुख्तारांना एकदा म्हणाले, हे बरं नाही. ते म्हणाले, “सुईणबाई, डोंगर काय तुमचा दवाखाना आहे? दरवर्षी उगवतं ते.” मी गप्प बसले. आणि पत्रात त्यातलं अक्षर लिहिलं नाही.

सप्टेंबरात ती परत आली. अर्धी झाली होती, केस पांढरे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, वर जाऊ. मी म्हणाले, डॉक्टरांनी चढायला बंदी केली आहे. ती निघालीच. दर शंभर पावलांवर बसत, दुपारी आम्ही वर पोचलो. उतार खरवडलेल्या कढईसारखा होता. जिथे तिथे उपसलेली माती, वाळलेली मुळं. ती एका दगडावर बसली.

“मुळासकट,” ती म्हणाली. मग एक वाळलेलं मूळ हातात घेऊन, “मुळाचा चहा कोण पितं गं?”

मी तिला सगळं सांगितलं, ट्रकचं, पोत्यांचं.

“पत्रात तू जेन्नेतच्या कोंबड्यांबद्दलसुद्धा लिहिलंस,” ती म्हणाली. “कोंबडी खुडूक बसली, हे मला इस्पितळात कळलं.”

एवढंच. मला तिने दुसरा शब्द ऐकवला नाही, पण तो पुरला.

खाली येण्याआधी तिने मला एका कड्याकडे पाठवलं, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता. तिथे नऊ झाडं होती, वाळून कडक झालेली. मी पोटावर सरपटत जाऊन त्यांची बोंडं एका रुमालात झाडून आणली. बी खसखशीपेक्षा थोडं मोठं, काळसर. तिने तळहातावर घेऊन फुंकर मारली, भुसा उडाला आणि चिमूटभर बी उरलं.

तिच्या घरामागे नवऱ्याच्या वेळचं दगडी बांधांचं एक पडीक शेत होतं. पुढच्या वसंतात तिने ते खणलं, शेणखत घातलं, वाफे केले आणि अर्धं बी पेरलं. रोज पाणी घातलं. काही उगवलं नाही. मुख्तार रासिम रोज कुंपणाशी थांबून विचारायचे, “आब्ला, डोंगरावरचं गवत कुणी वाफ्यात लावतं का? उद्या चिमण्यासुद्धा पेरशील.”

“पेरीन की,” ती म्हणायची. “तुझ्यासारखे कावळे कुठे पेरावे लागले आम्हाला?”

पुढच्या वर्षी उरलेल्यातलं थोडं पेरलं. कोवळे कोंब आले, तिने लेकरासारखं पाणी पाजलं आणि महिन्याभरात सगळे कुजून बसले. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. नवऱ्यासाठी नाही, इस्पितळात नाही, या कुजलेल्या कोंबांसाठी. ती वाफ्याच्या कडेला बसली होती, हात मातीने भरलेले, आणि म्हणाली, “मी याला आयुष्यभर तोडलं फक्त. हे जगतं कसं, कधी विचारलं नाही.”

मग आम्ही विचारायला लागलो. डोंगर त्याला काय देतो? खत देत नाही. पाणी तर नाहीच. दगड देतो, ऊन देतो आणि पाच महिने बर्फ देतो. तिने खतमाती सगळी उपसून काढली. ओढ्यातून खडी आणायला मी मदत केली, आठ दिवस माझी कंबर धरली होती आणि तिने मला लिंडन पाजलं. ऑक्टोबरच्या शेवटी, हिवाळ्याच्या तोंडावर, उरलेलं सगळं बी तिने त्या खडीवर भिरकावलं आणि झाकलंही नाही. नऊ झाडांची ती शेवटची चिमूट. पाणी घातलं नाही. बर्फ पडलं, तिने खिडकीतून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

१९८७च्या एप्रिलात मी एका बाळंतिणीला पाहून परत येत होते. ती कुंपणाशी उभी होती. हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मी गेले. खडीत, दगडांच्या फटींतून, नखाएवढी लोकरी चंदेरी पानं वर आली होती. आम्ही मोजली नाहीत. तिने मोजू दिली नाहीत, दृष्ट लागते म्हणाली.

फुलं आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तोवर डोंगरावर दुसरं काही उरलं नव्हतं, आणि गावात एकेका घरातली जुनी जुडी संपली होती. पहिली आली जेन्नेत. दारात उभी राहिली, पायाकडे बघत.

“दहा रोपं देशील का, आब्ला?”

“उपटलंस तेव्हा किती पोती होती तुझी?”

जेन्नेतने रुमालाचं टोक पुन्हा तोंडावर ओढलं.

“देते,” साती आब्ला म्हणाली. “दहा तुझ्या अंगणाला आणि दहा वर डोंगरावर. आधी वरची लावायची. सुईणबाई येईल बघायला, तिला माझ्यापेक्षा चांगलं खोटं पकडता येतं.”

तिने हे प्रत्येकीला सांगितलं. सगळ्यांनी पाळलं असं नाही. कुणी वरची रोपं अर्ध्या वाटेत टाकून आलं, कुणी डोंगरावर लावून शेळ्या सोडल्या. पण पाच-सहा घरांनी पाळलं, आणि त्यांचं पाहून आणखी काहींनी. तीन वर्षांत गावाच्या खालच्या बांधांवर चंदेरी पट्टे दिसायला लागले. पुढे कृषी खात्याचे एक साहेब येऊन तिचं शेत पाहून गेले. त्यांनी विचारलं, हे तंत्र कुठे शिकलात. ती म्हणाली, “दोनदा चुकले, तिसऱ्यांदा आळस केला.”

१९९३ला माझी बदली झाली. नंतर मी तिला दर उन्हाळ्यात भेटायला जायची, मग एक उन्हाळा आड, मग मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण. शेवटची भेट २००४ची. तिला ऐकू कमी यायचं, पण मी आणलेली दुकानातली, चहाच्या कागदी पिशव्यांची पेटी तिने उघडून हुंगली आणि म्हणाली, “हे मेलेलं आहे. पण पेटी छान आहे, बटणं ठेवायला होईल.” त्या वेळी कड्याखालचा उतार मी एकटीच पाहून आले. पूर्वीसारखा नव्हता. पण मोकळाही नव्हता. २००६च्या फेब्रुवारीत ती झोपेत गेली. मला आठ दिवसांनी कळलं.

आता मी बालिकेसिरला राहते, तिसऱ्या मजल्यावर. रक्तदाबाच्या गोळ्या घेते, वेळेवर. संध्याकाळी चहा उकळते, आणि कधी कधी मनात एक जून महिना येतो, वर्ष नक्की आठवत नाही. खालच्या मशिदीजवळचा मोठा लिंडन फुलला होता. ती शिडीवर, फांद्यांत कमरेपर्यंत बुडालेली, आणि मी खाली जुनी चादर चारी टोकांनी धरून उभी. मधमाश्यांचा घोंगाट एवढा की तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ती फुलं टाकत होती आणि काहीतरी सांगत होती, हसत होती. मी ओरडले, “ऐकू येत नाही, आब्ला, मोठ्याने बोल.” ती आणखी हसली आणि माझ्या डोक्यावर मूठभर फुलं टाकली. दिवसभर केसांना तो वास होता.

काय म्हणत होती, ते खाली उतरल्यावर विचारायचं राहून गेलं.